डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे

नाही नाही, 'काय दुखतंय' असं एकदम विचारू नका हो मला... मला आधी विचार करावा लागतो! तुमचं बरं आहे, डोकं दुखलं की डोकं म्हणायचं, गुडघा दुखला की गुडघा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी नुसतं 'आई गं' म्हटलं तरी दोन घरांत कान टवकारतात, की हे 'आई गं' वरून आलं की खालून? आता तो खिडकीतला कंपाउंडर, दर वेळी मान खाली घालून तेच विचारतो, "काय होतंय आजी? बरोबर कोण आलंय?" अरे बाबा, काय होतंय त्यावर बरोबर कोण येणार ते ठरतं ना! डोकं दुखलं तर थोरला येईल, पाय दुखले तर धाकटा येईल, आणि दुखतंय पोट! पोटाला कोण येणार? डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे, आणि पोट भिंतीत!

हसा, हसा, हसायला काय जातंय... डॉक्टर अजून यायचेत, बाक लांबलचक आहे, सरका जरा, टेकू द्या. हां. तर तुम्हाला सांगते, मूळ दोष कुणाचा म्हणाल तर आमच्या ह्यांचा. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण मग ठेवायची कुणाला? जिवंत माणसांना ठेवली तर ती उलटून बोलतात! हे वेल्डर. गावातल्या निम्म्या खिडक्यांचे गज ह्यांच्या हातचे. आणि मी सगळ्या जन्मात हट्ट केला तो एकच, की मला ऐसपैस पलंग हवा, दोन पोरं आणि आम्ही दोघं मावू एवढा, कारण खाली फरशीला ओल यायची आणि पोरं सारखी शिंकायची. हे म्हणाले, करतो. बरं, दुकानात करून घरी आणावा की नाही माणसानं? नाही! "खोलीच्या मापानं व्हायला पाहिजे," म्हणून पाइप आणले खोलीत, पट्ट्या आणल्या खोलीत, मशीन आणलं खोलीत आणि तिथंच ठिणग्या उडवत बसले, पोरं दारात डोळ्यांवर हात घेऊन, मी पडदे पेटतील म्हणून हातात बादली घेऊन! पलंग उभा राहिला, अगदी हत्तीसारखा. मी म्हटलं, छान झालाय हो, पण हा खोलीच्या बाहेर कसा निघणार? हे पलंगाकडे बघतात, दाराकडे बघतात, परत पलंगाकडे बघतात... घराला दार नावाची वस्तू असते हे तेव्हा ह्यांच्या ध्यानात आलं! पण चुकलं म्हणतील तर ते हे कसले? म्हणाले, "बाहेर कशाला काढायचाय? तू आहेस तोवर तो इथंच." एवढं बोलले आणि पुढं कधीतरी स्वतः निघून गेले. मागं राहिलो मी आणि पलंग. मापात चुकायचं आमच्या घराण्यातच आहे.

पण झोप काय लागायची हो त्या पलंगावर! धाकट्याला अंधाराची भीती, त्याला थोरल्याचा कान धरल्याशिवाय डोळा लागायचा नाही. रात्रभर धरून ठेवायचा. सकाळी थोरल्याचा कान लालबुंद, पण कधी म्हणून हात झटकला नाही पोरानं. तीच ही दोघं. आज एकाच्या घरातला नळ गळत असला तर दुसरा त्या टपटपीला पण उत्तर देत नाही.

आणि कशावरून बिनसलं म्हणाल? जमीनजुमल्यावरून? तो आहे कुठं! सुनांवरून? लोक तसंच बोलतात, सुना बिचाऱ्या फुकटच्या बदनाम. फाटकावरून! शाळेचं फाटक करायला घेतलं होतं दोघांनी मिळून, ह्यांच्याच दुकानात. थोरल्यानं माप घेतलं खांबांच्या माथ्याशी, धाकट्यानं घेतलं बुडाशी, कुणाचं माप कुणी धरलं देव जाणे, फाटक बसवायला नेलं तर बोटभर मोठं. हेडमास्तर उभे, मास्तर उभे, सगळी शाळा मैदानात, आणि ही दोघं फाटकाच्या दोन टोकांना! थोरला म्हणतो, "तुझी टेप खोटी." धाकटा म्हणतो, "तुझी नजर खोटी." अहो, बोटभर! जरा घासलं असतं तर गपकन बसलं असतं. पण घासणार कोण? जो घासेल त्याचं चुकलं असं होणार ना! ते फाटक अजून शाळेच्या भिंतीला टेकून उभं आहे, गंजतंय, आणि ज्या पोरांना अडवायला केलं होतं तीच पोरं त्याच्यावर चढून पलीकडे उड्या मारतात.

तेव्हापासून बोलणं बंद. दुकानात मधोमध पत्रा लागला, घरात चुली दोन झाल्या, आणि मग एक दिवस म्हणे, घराच्या मधोमध भिंत घालायची. मापं घ्यायला आले दोघं, आपापली टेप घेऊन. तुम्हाला सांगते, मी पलंगावर पडलेली, आणि ह्याची टेप माझ्या अंगावरून तिकडे, त्याची टेप माझ्या अंगावरून इकडे, "आई, जरा श्वास धरून ठेव." धरला की! दोघांच्या रेघा निघाल्या, त्यातही बोटभर फरक होताच म्हणा, पण दोन्ही रेघा गेल्या कुठून? बरोब्बर माझ्या पोटावरून! ज्या पोटातून दोघं आली त्याच्यावरच रेघ. त्या घडीला मला रडू यायला हवं होतं, पण श्वास धरलेला होता ना, रडणार कशी?

मी म्हटलं, पलंग काढा. निघत नाही. मग कापा! घरात दोन दोन वेल्डर, कापायला कितीसा वेळ? तर थोरला मला म्हणतो, "बाबांचा सांधा मी नाही कापणार, त्याला सांग कापायला." धाकटा मला म्हणतो, "मी का? मोठा तो आहे, त्याला सांग." आणि दोघं समोरासमोर उभे हं! मधे मी, आडवी, इकडचं तिकडे सांगतेय. शेवटी म्हटलं, मीच खाली झोपते, फरशीवर. तर दोघं एकदम ओरडले, "खाली? लोक काय म्हणतील?" म्हणजे बघा, भावाभावांत भिंत घातली तर लोक काही म्हणत नाहीत, आई खाली झोपली की म्हणतात!

मग गवंडी आला. भला माणूस, ह्यांच्या ओळखीतला. त्यानं पलंग पाहिला, मला पाहिलं, मान खाजवली आणि म्हणाला, "आजी, तुम्ही निवांत पडून राहा, मी तुमच्या भोवतीनं घेतो." खांब आला की भोवतीनं घेतात ना, तशी घेतली हो भिंत माझ्याभोवती! पलंगापुरतं भोक ठेवलं, वर आधाराला लोखंडी अँगल पाहिजे म्हणाला. आता अँगल कुणाचा? एक थोरल्यानं दिला, एक धाकट्यानं दिला, दोन्ही शेजारी शेजारी टाकले आणि मधे फट. वेल्डरांचं घर, आणि दोन अँगल जोडायला माणूस नाही! मी रोज सकाळी डोळे उघडते तर समोर ती फट. तेव्हापासून माझं हे असं... डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे, आणि पोट भिंतीत.

आणि खरी गंमत तर पुढंच आहे. काम उरकल्यावर गवंड्यानं थोड्या अख्ख्या विटा निवडल्या आणि माझ्या पलंगाखाली नीट रचून ठेवल्या. मी म्हटलं, "ह्या कशाला रे?" "असू द्या आजी, नंतर लागतील." "नंतर म्हणजे कधी?" तर तो थापी धुवायला लागला. धुतलेली थापी परत धुतली, परत धुतली... मग मी समजले. अहो, मी आहे तोवर भोक! मी गेले की ते लिंपायचं! आणि विटा कुठं? माझ्याच अंगाखाली, रोज मी त्यांच्यावर झोपायचं! त्या दिवशी मात्र जीव हलला माझा, खोटं कशाला बोलू. मरायचं मला भय नाही, माझ्या बरोबरीच्या सगळ्या कधीच पुढं गेल्या. पण ह्या दोन पोरांच्या मधे आता उरलीय ती एवढीच फट, माझ्या अंगाएवढी. तीही बुजली की संपलं. मग ही दोघं एकमेकांचा आवाज फक्त भिंतीला खिळा ठोकतानाच ऐकणार. त्यापायी जगायचं बघा, नाहीतर माझं इथं काय अडलंय?

बरं, जगायचं तर तेही नियमानं! तोंड थोरल्याकडे, म्हणून जेवण थोरलीचं. चष्मा, कवळी, डोक्याचं तेल, डोळ्यांतले थेंब, सगळं तिकडचं. पाय धाकट्याकडे, म्हणून चप्पल धाकटीची, काठी तिची, मोरीला जायचं तर तिच्या बाजूनं उतरायचं. म्हणजे खायचं एका घरात आणि... जाऊ दे, तुम्ही समजलात. थोरली म्हणते, "खायला घालायचं आम्ही, त्यांचं काय जातंय? नुसते पाय!" धाकटी म्हणते, "गोड बोलणारं तोंड त्यांना, आणि भेगाळलेल्या टाचा आम्हाला!" दोघींचं खरं आहे हो, मी कुणाला बोल लावू? एकदा थंडी पडली, झोपेत मी गुडघे पोटाशी घेतले. सकाळी उठते तर धाकट्याचं तोंड फुगलेलं. "आईनं पाय काढून घेतले आमच्याकडून." मी म्हटलं, अरे, गार वाजत होतं! "तिकडेच बरं ऊबदार लागतं वाटतं." आता सांगा, माणसानं कूस पण वकील लावून बदलायची का?

मग गेल्या पावसाळ्यात मला ताप भरला. चांगला सडकून, डोळे उघडेनात. थोरल्यानं त्याचा डॉक्टर आणला, टक्कलवाला. धाकट्यानं त्याचा आणला, मिशीवाला. टक्कलवाला म्हणतो, "पाय दाखवा, सूज बघू." थोरली म्हणते, "पाय पलीकडे आहेत डॉक्टर, गल्लीतून वळसा घालून यावं लागेल." तिकडून मिशीवाला म्हणतो, "आजी, जीभ काढा." मी तापात आतून ओरडले, "काढलीय हो, पण पलीकडे काढलीय!" शेवटी दोघं डॉक्टर वाकले आणि भोकातून त्यांची नजरानजर झाली. "नमस्कार." "नमस्कार. तुमच्याकडे ताप किती?" "बराच आहे. तुमच्याकडे?" "आमच्याकडे गार आहे." माझ्या अंगावरून हा एवढा संवाद! परकी माणसं, पण सरळ बोलली की नाही? जाताना दोघांनी दोन दारांत एकच सांगितलं, वय झालंय, तयारीत राहा.

तिन्हीसांज झालेली. थोरला उशाशी बसला, धाकटा पायथ्याशी बसला. मी डोळे मिटून पडलेले, पण कान जागे. कान, तुम्हाला सांगते, शेवटी जातात. आणि मग... माझा विश्वास बसेना... थोरला म्हणाला, "पाय गार आहेत का रे?"

'रे' म्हणाला हो! किती दिवसांनी! आणि पलीकडून धाकटा म्हणाला, "हो, गार पडलेत. कपाळ?" "तापलंय." मग धाकटा म्हणतो, "कुठल्या दारानं न्यायचं?" थोरला म्हणतो, "तुझ्याच दारानं. माझ्याकडं पायऱ्या उंच आहेत, हिंदकळेल ती." "पण डोकं तुझ्याकडं आहे, भोकातून काढायला लागेल." "हळूच काढू दोघं. मी डोकं धरतो, तू पाय धर." "पलंगासकट न्यायची का?" "पलंग निघतो का गाढवा दारातून!" आणि हसला! थोरला हसला, पलीकडून धाकटा हसला. "बाबांनी पण काय माप घेतलं होतं!" "बादली घेऊन उभी होती आई, आठवतं?" "तू माझा कान धरायचास." "लाल व्हायचा." "अजून तो कान थोडा लांबच आहे, बघ." बघ म्हणाला, आणि धाकट्यानं वाकून भोकातून खरंच बघितला हो कान!

आणि मी? मी मधे पडलेले, मढ्यासारखी, आणि अंगभर नुसतं सुख! माझीच तिरडी कुणीकडून काढायची ते चाललंय आणि मला वाटतंय, बोला रे, बोला, अजून बोला, खांदा कोण देणार ते ठरवा, पुढं कोण, मागं कोण, घाई नाही मला! श्वास सुद्धा बारीक घेत होते. पण नशीब बघा माझं... घशात खवखवलं. आवरलं, आवरलं, पण किती आवरणार? खोकले मी. "आई शुद्धीवर आली!" झालं! थोरला उठला, धाकटा उठला, इकडचं दार लागलं, तिकडचं दार लागलं. माणूस वाचला म्हणून घरात एवढी शांतता मी कुठं बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी ताप पण गेला मेला. मग मी युक्त्या केल्या. डोकं दुखतंय म्हटलं, तर नुसता थोरला आला. पाय ओढतायत म्हटलं, तर नुसता धाकटा आला. दोन्ही दुखतंय म्हटलं, तर दोघं आले, पण आपापलं चेपून निघून गेले! तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्यांना अर्ध्यानं भागत नाही, पुरतंच मरावं लागतं. मग काय करते? पोरं संध्याकाळी दुकानातून आली की मरायला घेते. डोळे अर्धवट मिटायचे, हात गळून पडू द्यायचा, श्वास एकदा घेतला की दुसरा जरा उशिरा घ्यायचा. सुनांची धावपळ, "अहो, या लवकर!" दोघं येतात, बसतात, जरा वेळानं सुरू होतात. रोज नाही हं करत! रोज मेलं की किंमत राहत नाही. दिवसाआड.

पण प्रगती आहे, नाही कशाला म्हणू! परवा तर फाटकापर्यंत आली गाडी. थोरला म्हणाला, "शाळेचं ते फाटक... जरा घासलं तर बसेल." धाकटा म्हणाला, "बसेल की. ग्राइंडर मी आणतो." माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांना वाटलं शेवटचं. आणि मग थोरला म्हणाला, "आईचं एकदा उरकलं की बघू." धाकटा म्हणाला, "हो, उरकलं की बघू." आता ऐका माझी अडचण! मी बरी झाले की हे बोलत नाहीत. मी खरंच गेले की गवंडी येतो आणि पलंगाखालच्या विटा भिंतीत जातात, मग कसलं फाटक आणि कसलं काय! म्हणजे मी मरत तर राहायचं, पण मरायचं मात्र नाही. असं काम कुठल्या माणसाला सांगतात का हो?

आणि त्यात हे पोट. हे मात्र नाटक नाही बरं का. आतून कुणीतरी पिळा घालावा तसं दुखतं, अन्न बघितलं की नको वाटतं. ह्या डॉक्टरांनी मागच्या वेळी पोट दाबून बघितलं. इतका बडबडा माणूस, हात धुवायला उठला, आणि बराच वेळ हातच धूत बसला. ती धुण्याची तऱ्हा मी ओळखते, गवंड्याची थापी पाहिलीय मी. म्हणाले, "आजी, घरच्या कुणाला तरी घेऊन या, बोलायचंय." माझं पोट, माझ्याशी बोला की! नाही म्हणे, मुलाला आणा. कुठल्याला आणू? थोरल्याला आणलं तर धाकटा म्हणेल, मला लपवून ठेवलं. धाकट्याला आणलं तर थोरला म्हणेल, मोठा मी असताना! दोघांना आणावं तर एका गाडीत बसणार नाहीत. आणि घरी सांगू काय, की पोरांनो, ह्या वेळी खरं आहे? हसतील! नाहीतर विश्वास ठेवतील... आणि कुणीतरी जाऊन गवंड्याला विचारून येईल, की हातातलं काम कधी संपतंय. दोन्हीची भीती वाटते मला. म्हणून एकटीच येते, ह्या बाकावर बसते, तुमच्यासारखं कुणी भेटलं की बोलते, आणि आत जायची वेळ आली की... काय करणार? डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे, आणि पोट...

काय रे? माझा नंबर? आले का डॉक्टर? अगोबाई, ऊन कुठं गेलं बघा, किती वेळ बोलत बसले मी! दुकान बंद व्हायची वेळ झाली की. नको रे बाबा, दुसऱ्या कुणाला सोड आत. नाही, बरोबर कुणी नाही आलेलं, आणि उशीर झाला तर माझी दोघं आपापल्या दारानं आत जाऊन जेवायला बसतील. डॉक्टरांना म्हणावं, उद्या येते, उद्या मोकळी आहे मी. आज माझा मरायचा दिवस आहे.